स्वारगेटला संपलेली वाट

आमच्या पेठेत मुली दोन प्रकारचे स्कार्फ वापरतात. एक स्कूटरवर बसताना तोंडाला गुंडाळायचा, म्हणजे रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं तरी बोलावं लागत नाही. दुसरा आमच्या पथकाचा, हिरवा, पिवळ्या काठाचा. तो गळ्यात बांधायचा, आणि ओळखीचं कोणीतरी बघेपर्यंत काढायचा नाही.

मी या पथकाची ताई आहे. दर शनिवारी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आठवी-नववीच्या मुलींना गाठी मारायला, नकाशा वाचायला, मुरगळलेला पाय बांधायला शिकवते. मुली मला ‘ताई’ म्हणतात. त्यांच्या आया ‘अहो ताई’ म्हणतात, आणि पुढे जे येतं त्यात बहुधा एक तक्रार असते.

पथकाला पालक समिती आहे. समितीला साहस अतिशय प्रिय आहे. अट एवढीच की साहसात ऊन, चढ, पाणी, काटा, किडा आणि घरी यायला उशीर यांपैकी काही नसावं. लोणी काळभोरला एका शेतावर आमचं स्वावलंबन शिबिर झालं, तेव्हा तंबूंच्या मागे आयांच्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. मुलींनी तीन दगडांची चूल मांडून स्वयंपाक करायचा होता. चूल पेटेपर्यंत पोरींना भूक लागेल म्हणून आयांनी पुरीभाजी आणली होती. त्यामुळे चूल पेटवायचा सराव जेवणानंतर झाला. शेताचे मालक बांधावर बसून सगळं बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी मला विचारलं, “बाई, ह्यो क्यांप हाय का बारसं?”

मी म्हटलं, “अजून ठरायचंय.”

वर्षाच्या शेवटी आमचा समारंभ असतो, त्याचं नाव शेकोटी. शाळेच्या हॉलमध्ये आग लावता येत नाही, हे मला मान्य आहे. मैदानात लावू म्हटलं तर समितीला धुराची काळजी. म्हणून आमची शेकोटी म्हणजे आडवा ठेवलेला टेबलफॅन, त्याखाली केशरी दिवा आणि जाळीला बांधलेल्या साटिनच्या पट्ट्या. बटण दाबलं की ज्वाळा फडफडतात. मुली भोवती गोल बसून हात शेकल्यासारखे करतात आणि पंख्याच्या वाऱ्याने कुडकुडतात. या शेकोटीपुढे ताईने नव्या मुलीच्या गळ्यात स्कार्फ बांधायचा, की ती पथकाची झाली.

मात्र स्कार्फ मिळण्याआधी एक परीक्षा असते. तिला आम्ही ‘वाट मांडणं’ म्हणतो. नव्या मुलीने एकटीने पुढे जाऊन खडूने खुणा करत जायचं. बाण म्हणजे इकडे या. फुली म्हणजे इकडे नाही. आणि अगदी शेवटी एक वर्तुळ, त्यात मधोमध ठिपका: मी घरी पोचले, वाट संपली. मागून सहा मुलींची तुकडी त्या खुणा शोधत येते. तुकडी वर्तुळापर्यंत पोचली तर मुलगी पास, नाही पोचली तर नापास. नियम साधा आहे. तो मीच केलेला आहे आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी परीक्षेला एकच मुलगी राहिली होती. ती वाशीमहून आलेली. वडील लोणी काळभोरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचं काम बघत, रोज स्वारगेटवरून बसने जात-येत. आई पेठेतल्या खोल्यांवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी डबे करायची. मुलगी जूनपासून एकही शनिवार न चुकवता येत होती, तरी फेब्रुवारी उजाडला तरी तिचं नाव ‘नवी’ होतं. नवी, जरा सतरंजी घाल. नवी, पाण्याचा जग आण. आमच्याकडे सात पिढ्या पेठेत काढल्याशिवाय माणूस जुना होत नाही. पहिल्या दिवशी तिने “मले गाठ मारता येते” म्हटलं आणि तुकडीत खसखस पिकली. पुढच्या शनिवारपासून ती ‘मला’ म्हणू लागली, आणि जेवढ्यास तेवढंच बोलू लागली. मला ते तेव्हा खटकलं होतं, आजही खटकतं.

पण तिला तो स्कार्फ हवा होता. तसं तिने कधी म्हटलं नाही. तिच्या आईने मात्र मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, “ताई, ड्रेस शिवून ठेवला म्या. इस्त्री करून कपाटात टांगला हाय. पोरगी रोज कपाट उघडून पाह्यते. म्हनते, स्कार्फ भेटल्याबिगर घालनार नाही.” आणि तिला पुढचं वर्ष नव्हतं. ती नववीत होती. आमच्याकडे मूल दहावीत गेलं की घरचे त्याला खेळ, समारंभ, पाहुणे आणि बोलणं या सगळ्यातून वर्षभर बाद करतात. म्हणजे मिळाला तर याच शेकोटीला, नाहीतर कधीच नाही.

परीक्षेच्या दिवशी मी पेठेच्या दुसऱ्या टोकाच्या एका मैदानावर भेळेचं सामान घेऊन बसले. वाट तिथे संपायची होती. नवी आली, मैदानाच्या पायरीवर वर्तुळ काढलं, मधोमध ठिपका दिला आणि माझ्याशेजारी बसली. हात खडूने पांढरे झाले होते. आम्ही तुकडीची वाट बघू लागलो.

या तुकडीविषयी थोडं सांगायला हवं. सहाही मुली याच पेठेतल्या, जन्मापासून. पण त्या पेठेत कधी चालल्याच नव्हत्या. शाळा, क्लास, गाणं, सगळीकडे आईच्या स्कूटरच्या मागे बसून, डोळ्यांपर्यंत फडकं बांधून आणि डोळे मोबाइलमध्ये घालून जायच्या. आपल्या घरापासून तिसरी गल्ली कुठे निघते हे त्यांना विचारलं तर त्या गूगलला विचारायच्या. परीक्षेत मोबाइल न्यायचा नाही, हाही माझाच नियम. त्यामुळे त्या दिवशी सहाजणी पहिल्यांदाच आपल्या गावात पायी निघाल्या होत्या.

मी एकदा भेळ कालवली. ती मऊ पडली, ती आम्ही दोघींनी खाल्ली. दुसरी कालवली. तीही मऊ पडली. नवी उठून मैदानाच्या फाटकापर्यंत जाऊन आली. “बाण नीट काढलेत मी, ताई,” ती म्हणाली. मी म्हटलं, “माहीत आहे गं.” पण माहीत नव्हतं.

मग माझा फोन वाजला. तुकडीची नायिका बोलत होती, कुठल्यातरी पोलिसाच्या फोनवरून. “ताई, आम्ही लिटरली कधीच्या पोचलोय. तुम्ही कुठे आहात?”

“तुम्ही कुठे आहात?” मी विचारलं.

“स्वारगेटला.”

झालं होतं ते असं. अर्ध्या वाटेवर एका जुन्या बंगलीच्या कुंपणाच्या भिंतीवर नवीने डावीकडे जाणारा बाण काढला होता. बंगलीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी तो बघितला, आत जाऊन ओलं फडकं आणलं आणि पुसून टाकला. तुकडी तिथे पोचली तेव्हा भिंत स्वच्छ. पोरी गोंधळल्या. तेवढ्यात एकीला रस्त्यावरच पांढरा बाण दिसला, चांगला ठळक, तेलरंगातला. तो रस्ता खोदणाऱ्यांनी मारला होता. केबल का पाइप काहीतरी टाकायचं म्हणून खोदायच्या आधी ते खुणा करून जातात. त्यांचे बाण थेट टिळक रस्ता ओलांडून पुढे गेले होते. पोरींना फार आनंद झाला. नवीचे बाण शोधावे लागत होते, हे दहा पावलांवर एक होते. मध्ये फुल्याही होत्या. पुण्यात रस्ता खोदायच्या खुणा जितक्या मन लावून करतात, तितक्याच मन लावून तो बुजवला असता तर मला या पथकात मुरगळलेला पाय बांधायला शिकवावं लागलं नसतं.

स्वारगेटजवळ फुटपाथच्या कडेला ड्रेनेजचं गोल झाकण होतं. त्याभोवती पांढरं वर्तुळ मारलेलं, आणि झाकणाला मधोमध हुक घालायचं भोक. वर्तुळात ठिपका. वाट संपली. माझ्या सहा वीरांगना त्या झाकणाभोवती गोल उभ्या राहिल्या, सलाम केला आणि पथकाची समारोपाची प्रार्थना दोन आवाजांत म्हटली. बसची वाट बघणाऱ्यांपैकी काही जण टोपी काढून उभे राहिले, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. मग वाहतूक पोलिसाने येऊन विचारलं, “काय गं पोरींनो, ह्यात कोण पडलंय का?”

आता हसू येतं, पण फोन ठेवून मी शेजारी बघितलं तेव्हा नवी पायरीवरचं तिचं वर्तुळ बघत होती. तिथे कोणीच आलं नव्हतं. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. अध्यक्षबाई म्हणजे नायिकेची आई. त्यांचा आवाज मृदू आहे आणि तो त्या वाईट बातमीसाठी राखून ठेवतात. “अहो ताई, आपणच केलेला नियम आहे. तुकडी शेवटच्या खुणेपर्यंत पोचली नाही. मुलगी गोड आहे, वाद नाही. पण आमच्या मुली स्वारगेटला गेल्या! आपण कल्पना करा.”

कल्पना करायची गरज त्यांना स्वतःला नव्हती. मोबाइल न्यायचा नाही म्हटल्यावर त्यांनी मुलीच्या मोज्यात ठिकाण दाखवणारं घड्याळ घातलं होतं. सगळा वेळ त्या घरी बसून मोबाइलवर तो निळा ठिपका बघत होत्या. ठिपका स्वारगेटकडे निघाला तेव्हा त्यांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, “या वर्षी रूट मोठा ठेवलाय, मस्त!” त्याला अकरा अंगठे आले होते. मी बैठकीत तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “तो वेगळा विषय आहे.”

“बाण पुसला होता,” मी म्हटलं.

“कोणी पुसला, काही पुरावा?”

मी तडक त्या बंगलीवर गेले. गृहस्थ झाडांना पाणी घालत होते. मी विचारलं, “आपण या भिंतीवरचा बाण पुसलात का?”

“पुसला.”

“तो मुलींच्या परीक्षेचा होता.”

“भिंत माझी होती.”

“समितीपुढे येऊन एवढंच सांगाल का?”

त्यांनी नळी दुसऱ्या कुंडीत सोडली. “भिंत माझी आहे हे सांगायला मला समितीपुढे यावं लागतं का?” एवढं बोलून ते आत गेले आणि फाटकाला कडी घालायला परत बाहेर आले.

समितीने ठराव केला. परीक्षा पुन्हा घ्यायला वेळ नाही, शनिवारी सगळ्यांचे गणिताचे जादा तास सुरू झालेत. नव्या मुलीला समारंभात प्रोत्साहनपर भेट द्यावी. भेट म्हणजे पेन ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा, त्यावर प्रमुख पाहुण्यांचा फोटो. पाहुणे आमच्या वॉर्डातून निवडणूक लढवू इच्छिणारे एक दानशूर होते. स्कार्फही त्यांनीच दिले होते. त्यावर फोटो छापायचा बेत मी हाणून पाडला, तेवढीच माझी त्या वर्षीची कामगिरी.

नवीला मीच सांगितलं. हॉलच्या पायरीवर बसवून. ती रडेल अशी माझी तयारी होती. तिने विचारलं, “माझी वाट चुकीची होती का, ताई?”

“नाही.”

“मग नियम काय आहे? तुकडी शेवटच्या खुणेपर्यंत पोचली पाहिजे, एवढंच?”

“एवढंच.”

“कधी पोचली पाहिजे ते आहे का त्यात?”

मी नाही म्हटलं. ती “बरं” म्हणाली आणि सतरंजी गुंडाळायला आत गेली. मी घरी जाऊन समितीला राजीनामा लिहायला घेतला, पण तो लिहिताना एवढा चांगला जमू लागला की मलाच संशय आला आणि मी तो टाकून दिला.

शेकोटीच्या दिवशी हॉल भरला. पंखा आडवा झाला, साटिन फडफडलं. नवीने सकाळी खुर्च्या मांडल्या होत्या, संध्याकाळी ती दिसेना. मला वाटलं, आली नाही ते बरंच झालं. पेनचा डबा हातात घेऊन फोटोला हसायची शिक्षा तरी टळली.

पाहुण्यांना उशीर झाला. दरम्यान अध्यक्षबाई माइकवर साहस या विषयावर बोलू लागल्या. आजच्या मुलीने अनोळखी वाट तुडवली पाहिजे, असं त्या म्हणत होत्या. नायिका ओवाळणीचं तबक घेऊन पाहुण्यांसाठी दारात उभी होती. मी बघत होते, ती एकदम खाली वाकली. मग तिने तबक जमिनीवर ठेवलं आणि उकिडवी बसली.

मी उठून गेले. दाराबाहेरच्या फरशीवर रांगोळीचा बाण होता. पांढरा, कोरीव, आणि त्याच्या टोकावर हळदीकुंकवाची चिमूट.

“ताई,” नायिका हळूच म्हणाली, “हा रस्तेवाल्यांचा नाहीये.”

“हळदकुंकू वाहून खड्डे खणत नाहीत अजून,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. परवानगी मागत होती की काय, कोण जाणे. मी स्कार्फच्या पेटीतून उरलेला एक स्कार्फ काढून पिशवीत टाकला. तिने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि तुकडी जमवायची लांब शिट्टी मारली. आतल्या पाचजणी उठल्या. आजवर मी हजारदा सांगूनही त्या शिट्टीला इतक्या चपळाईने कधी उठल्या नव्हत्या. माइकवरून आवाज आला, “मुलींनो, बसा. बसा म्हणते ना!” कोणी बसलं नाही. फाटकापाशी पाहुणे गाडीतून उतरत होते. समोरून गणवेशातल्या मुली शिस्तीने येताना बघून त्यांनी हार घालून घ्यायला मान पुढे केली. तुकडी त्यांना वळसा घालून गेली. मीही गेले.

बाण गल्लीगल्लीत होते. दवाखान्याच्या पायरीशी, क्लासच्या दारात, दुधाच्या दुकानापुढे. लोक त्यांना वळसा घालून चालत होते, स्कूटरीसुद्धा. आमच्याकडे सिग्नल कोणी पाळत नाही, पण रांगोळीवर चाक घालायची छाती कोणाची होत नाही. जिथे रंगाचा पांढरा बाण होता तिथे आता खोल चर होता आणि शेजारी मातीचा ढीग. रस्ता खोदलेला बघून आनंद होण्याची माझी ती पहिलीच वेळ.

बंगलीचे गृहस्थ फाटकात उभे होते. त्यांच्या फाटकापुढेच बाण होता, डावीकडे.

“पुसला नाहीत?” मी विचारलं.

“खडू पुसतात,” ते चिडून म्हणाले. “दारातली रांगोळी पुसायची म्हणजे काय? वर कुंकू वाहून गेलीय कार्टी. मला दुपारपासून कडेकडेने जावं लागतंय.” मग तुकडीकडे बघून खेकसले, “डावीकडे! दिसत नाही का? त्या दिवशीसारख्या भलतीकडे जाऊ नका.”

म्हणजे त्या दिवशी ते खिडकीतून बघत होते. मला असा संताप आला की त्यांना तिथेच चार शब्द सुनवावेत. पोरी मात्र डावीकडे वळल्यासुद्धा होत्या. त्या पुढे पळत होत्या, वळणावर थांबून बाण शोधत होत्या, सापडला की ओरडत होत्या. मला त्यांच्याबरोबर धावता येत नव्हतं आणि मी धावत होते.

वाट एका जुन्या इमारतीच्या जिन्यापाशी आली. पहिल्या मजल्यावर फोडणीचा वास होता. दारापुढे रांगोळीचं मोठं वर्तुळ, त्यात मधोमध कुंकवाचा ठिपका. मी घरी पोचले, वाट संपली. सहाजणी गपचूप गोल उभ्या राहिल्या. नायिकेने सलाम केला, मग बाकीच्यांनी. या वेळी प्रार्थनेला आवाज नीट लागला नाही, कारण सगळ्यांना धाप लागली होती.

दार उघडलं. आधी तिची आई दिसली, हाताला पीठ. “अगं माय, एवढ्या साऱ्या जनी!” मग तिच्या मागून ती आली. पूर्ण गणवेशात, इस्त्रीची घडी मोडलेली नाही. गळा मोकळा.

मी पिशवीतून स्कार्फ काढला. शेकोटी नव्हती, पाहुणे नव्हते, पंखाही नव्हता. तिथेच उंबऱ्यात मी तो तिच्या गळ्यात बांधायला घेतला. आयुष्यभर मुलींना ती गाठ शिकवली, आणि ऐन वेळी ती मला दोनदा सोडून मारावी लागली. तिने ती चाचपून बघितली आणि स्वतः जरा घट्ट केली. तिची आई पदराने डोळे पुसत होती, पीठ गालाला लागत होतं.

मग नवीने तुकडीकडे नीट पाहून घेतलं. धापा टाकणाऱ्या, घामेजलेल्या, या पेठेत सात पिढ्या काढलेल्या त्या सहाजणींकडे. माझ्याकडेही.

“एवढा वेळ लागला?” ती म्हणाली. “सोपी काढली होती, तुमच्यासाठी.”

ती दारातून बाजूला सरकली.

“चपला बाहेर काढा,” ती म्हणाली. “आणि रांगोळीवर पाय देऊ नका.”